डाव्या कानाची खाच

बिबट्याच्या डाव्या बाजूवरचे ठिपके आणि उजव्या बाजूवरचे ठिपके यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. प्रत्येक जनावराची प्रत्येक बाजू स्वतंत्र असते आणि ती जन्मभर बदलत नाही. म्हणून दोन फोटोंमधला बिबट्या एकच आहे का, हे ठरवायचे तर दोन्ही फोटो एकाच बाजूचे असावे लागतात. अकरा वर्षे मी हेच काम करते आहे. प्रशिक्षणवर्गात पहिल्या तासाला मी हा नियम सांगते. तो आपण स्वतःच मोडला आहे, याची मला त्या गुरुवारी दुपारी तीन वाजेपर्यंत कल्पना नव्हती.

शिवरे गावाच्या वरच्या अंगाला, महामार्गापासून थोडे आत, एक वन्यप्राणी उद्यान आहे. समोरच्या भागात चितळ, सांबर आणि मोर. तिथे शाळांच्या सहली येतात. मागच्या भागात, हिरव्या जाळीच्या आडोशाला, ठिकठिकाणांहून पकडून आणलेल्या जनावरांचे पिंजरे आहेत. तिथे पाहुण्यांना प्रवेश नाही. त्यातल्या चौथ्या पिंजऱ्यात पाच-सहा वर्षांचा एक नर बिबट्या होता आणि त्याच्याविषयीचा निर्णय माझ्या अहवालावर झाला होता.

प्रकरण वेल्हे तालुक्यातले. केळदच्या वर डोंगरात सहा घरांचा एक धनगरवाडा आहे. तिथे तीन आठवड्यांपूर्वी, उजेड असतानाच, बिबट्या शेळ्यांच्या गोठ्यात उतरला. ठकुबाई ढेबे, वय अडुसष्ट, काठी घेऊन आडव्या गेल्या. बिबट्याने शेळी टाकली आणि त्यांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला. एक्केचाळीस टाके पडले. त्या डोंगरात माणसावरचा हा दोन महिन्यांतला तिसरा हल्ला होता. वनखात्याने पिंजरा लावला आणि नवव्या दिवशी त्यात हा नर सापडला. तो हल्ला करणाराच असेल, तर जन्मभर बंदिस्त ठेवायचा. नसेल, तर जिथे पकडला त्याच डोंगरात सोडायचा.

पुरावा म्हणजे एकच फोटो. ठकुबाईंची नात सुप्रिया हिने तो मोबाईलवर काढला होता. बिबट्या आडवा उभा, तोंड डावीकडे, जबड्यात शेळी. अंगावरचे चौदा ठिपके स्पष्ट मोजता येत होते. तोंड डावीकडे म्हणजे दिसते ती डावी बाजू. सोमवारी उद्यानात येऊन मी पिंजऱ्यातल्या नराच्या डाव्या बाजूचे फोटो घेतले. तो उजवी बाजू भिंतीला टेकवून पडला होता. तिची गरजही नव्हती. चौदापैकी एकही ठिपका जुळला नाही. मंगळवारी मी अहवाल दिला: हा तो बिबट्या नाही.

गुरुवारी साडेचारला त्याला घेऊन गाडी निघायची होती. सोडण्यापूर्वी मोजमापांची नोंद करावी लागते, त्यासाठी मी तीनच्या सुमारास पोचले. फाटकापाशी वनपाल हनुमंत उभे होते आणि त्यांच्यासमोर दोन माणसे: ठकुबाईंचा मुलगा म्हादू ढेबे आणि त्यांची मुलगी सुप्रिया. नसरापूरपर्यंत एसटी आणि पुढे वडापच्या जीपने ती सकाळपासून येऊन बसली होती.

"ह्याच त्या मॅडम," हनुमंत मला पाहताच म्हणाले. "विचारा आता यांनाच. मी आपला हुकमाचा माणूस."

ढेब्यांनी टोपी सारखी केली. पन्नाशीचे, अंगाने काटक. "म्याडम, तुमी लिवलंय की ह्यो त्यो न्हाई."

"हो."

"ह्योच हाय."

"तुम्ही पाहिला होता का त्याला?"

"न्हाई. म्या खाली रानात, पाण्याच्या इंजनापाशी होतो."

"इथे पिंजऱ्यात पाहिलात?"

"न्हाई. आमी त्याला बघत न्हाई."

अशा साक्षीची किंमत शून्य असते आणि मी ती शून्यच धरली. तसे बोलून मात्र दाखवले नाही. त्यांची आई शनिवारी पुण्याच्या दवाखान्यातून सुटून त्याच घरी, त्याच गोठ्याशेजारी परतणार होती. आणि त्याच्या दोन दिवस आधी हा बिबट्या त्या डोंगरात सुटणार होता. त्यांना निर्णयाचे कारण समजून घेण्याचा हक्क होता. मी त्यांना कार्यालयाच्या पडवीत नेले, सुप्रियाच्या फोटोची मोठी छापील प्रत टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी सोमवारचा माझा फोटो.

"हे ठिपके बघा. इथे तीन फुले, म्हणजे कडीसारखे पोकळ ठिपके, एका रांगेत आहेत. इथे तशी नाहीत."

ढेब्यांनी मान दुसरीकडे वळवली. मग हात पुढे केला आणि न बघताच पंजा कागदावर असा ठेवला की बिबट्या पूर्ण झाकला गेला. त्यानंतरच ते कागदाकडे पाहू लागले. बोटांच्या पलीकडे उरली होती ती फक्त लोंबणारी शेळी.

"आमच्यात वाघराला नजर देत न्हाईत," सुप्रिया मला हळू आवाजात म्हणाली. ती नसरापूरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि हे सांगताना तिला थोडे अवघडल्यासारखे झाले होते. "फोटोतल्यालासुद्धा. नजर दिली की ते आपली ओळख धरतं, माग काढत येतं, असं म्हणतात."

मी मान हलवली. अशा समजुती मी खोडायला जात नाही. त्यात वेळ जातो.

ढेबे बराच वेळ शेळीकडे पाहत राहिले. "सुपे," ते म्हणाले, "ही शेळी आपली न्हाई."

"आबा, काय बोलताय? चंडी हाय ती."

"तोंड चंडीचंच हाय. कान तिचा न्हाई. आपली खाच डाव्या कानाला. हिच्या उजव्या कानाला हाय. उजवी खाच शेजारच्या गेनूची."

हनुमंतांनी खुर्ची पुढे ओढली. "थांबा, थांबा. म्हणजे फोटो तुमच्या गोठ्यातला नाहीच?"

"तसं न्हाई म्हणत म्या. पण गेनूच्या समद्या शेळ्या जित्या हायत. मेली ती आमची."

"मामा, तुमचं तुम्हाला तरी कळतंय का? शेळी तुमची, कान गेनूचा!" हनुमंत सुप्रियाकडे वळले. त्यांचा आवाज आता सरकारी झाला होता. "पोरी, खरं सांग. हल्ली मोबाईलवर वाघ करून मिळतो. तुमच्या पलीकडच्या गावात गेल्या महिन्यात एकाने देवळाच्या पायरीवर बिबट्या बसवला होता. अफवा पसरवली म्हणून पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवलं त्याला. हा फोटो कुठनं आणलास?"

"म्या काढलाय!" सुप्रियाचा चेहरा लाल झाला. "आजीच्या हातावर एक्केचाळीस टाके हायत, ते बी मोबाईलवर केले का?"

"टाके खरेच आहेत. फोटोचं विचारतोय मी."

बनावट फोटो मी रोज तपासते. हा बनावट नव्हता. मूळ फाईल मी पाहिली होती. पण ढेब्यांचे बोलणे मला सोडवत नव्हते. जो माणूस बिबट्याविषयी काहीच सांगू शकत नव्हता, त्याला शेळीविषयी मात्र चूक करण्याचे कारण नव्हते. प्रत्येक करडाच्या कानाला तो स्वतःच्या हाताने खाच देत होता. त्याची दोन निरीक्षणे होती: तोंड चंडीचे आणि खाच उजव्या कानाला. दोन्ही खरी मानली तर ती परस्परविरोधी होती. दोन्ही एकाच वेळी खरी ठरवणारी गोष्ट एकच होती.

"सुप्रिया, फोटो काढताना तू कुठे होतीस? नेमके सांग."

"गोठ्याकडं पाठ करून बसले होते. आजी माझ्यासमोर बसली होती. तिला आधी दिसलं. ती ओरडली, वळू नको, नजर देऊ नको. मग..." तिने मोबाईल खांद्याच्या उंचीवर धरला, पडदा स्वतःकडे. "असं. आरशागत. त्यात दिसलं आणि बोट दाबलं गेलं."

"म्हणजे पुढचा कॅमेरा. सेल्फीचा."

"व्हय."

हा प्रश्न मी सोमवारी विचारायला हवा होता. फोटोत सुप्रिया स्वतः कुठे दिसत नव्हती आणि बिबट्याचा फोटो सेल्फीच्या कॅमेऱ्याने कोणी काढत नाही, असे मी गृहीत धरले होते.

पडद्यावर आपली प्रतिमा आरशासारखी उलटी दिसते. साठवताना काही फोन ती सुलट करतात, काही तशीच ठेवतात. तर्कावर सोडण्यासारखी ही बाब नव्हती. मी सुप्रियाला कार्यालयाच्या पाटीकडे पाठ करून, सेटिंगला हात न लावता, तसाच फोटो काढायला सांगितले. तिने काढला. मी साठवलेला फोटो उघडला. पाटीवरची अक्षरे उजवीकडून डावीकडे, उलटी लिहिलेली होती.

तीन वाजून एकतीस मिनिटे झाली होती.

"हनुमंतराव, गाडी थांबवा. फोटो आरशातला आहे. त्यात दिसते ती उजवी बाजू. मी डावीशी ताडून पाहिली."

"म्हणजे हा तोच आहे?"

"ते मला माहीत नाही. एवढेच माहीत आहे की माझ्या अहवालाला अर्थ नाही."

"माझ्याकडे आदेश आहे आणि तो तुमच्याच सहीवर निघालाय. आदेश साहेबांचा, साहेब मुंबईला बैठकीत, फोन बंद. उद्यावर टाकायचं तर पशुवैद्य उद्या नाहीत आणि परवानगी आजचीच." त्यांनी दोन्ही हात पसरले. "पुरावा द्या, मी माझ्या जबाबदारीवर थांबवतो. नुसत्या शंकेवर नाही. चारला त्याला वाहतुकीच्या पेटीत घेतील. ती चारही बाजूंनी बंद असते, नंतर तुम्हाला शेपूटही दिसायचं नाही."

एकोणतीस मिनिटे उरली होती. मी कॅमेरा घेऊन मागच्या भागात गेले. हनुमंत आले, ढेबे आणि सुप्रियाही मागोमाग आली. त्यांना कोणी अडवले नाही.

चौथ्या पिंजऱ्याच्या जाळीवर सगळीकडे हिरवे कापड ताणलेले आहे, त्यात हातभर रुंदीची एक फट आहे. रखवालदार आनंदराव तिथे स्टुलावर बसले होते. बिबट्या मागच्या भिंतीशी, सोमवारी होता तसाच, उजवी बाजू भिंतीला चिकटवून पडलेला. मला दिसत होती ती सगळी डावी बाजू, तीच निरुपयोगी फुले.

"आनंदराव, याला उठवायला हवे."

"काठी लावायची नाही, पाणी मारायचं नाही, ओरडायचं नाही," त्यांनी शांतपणे सांगितले. "जेवण सहाला. त्याआधी तो ढिम्म हलत नाही, ताई. आणि हलवून बिथरला, तर पेटीत घेताना दात मोडून घेईल स्वतःचे."

त्यांचे बरोबर होते. मी फटीतून लेन्स लावली आणि थांबले. बिबट्याची कूस संथ वर-खाली होत होती. दूर महामार्गावर ट्रकचे हॉर्न, समोरच्या भागात सहलीच्या मुलांचा गलका. त्याचे कान प्रत्येक आवाजाकडे वळत आणि परत येत. अंग वळत नव्हते. तीन चाळीस. मी फटीच्या दुसऱ्या टोकाला सरकले; भिंत आणि पाठ यांच्यामधली बोटभर सावली तेवढी दिसली. तीन सत्तेचाळीस. मागे गाडी लावल्याचा आवाज आला आणि चाके असलेली लोखंडी पेटी फरशीवरून घासत पुढे येऊ लागली.

"उठवायचंच हाय ना फकस्त?" ढेब्यांचा आवाज माझ्या पाठीमागून आला.

"हो. उठून, वळून, उजवी बाजू दिसायला हवी. दोन सेकंद पुरेत."

"आबा," सुप्रिया म्हणाली. "नको."

ते पुढे आले. जाळीकडे त्यांची अजून पाठ होती. ते माझ्याकडे पाहून बोलले. "म्याडम, ह्यो त्यो नसला तर आज रातीला वर सुटणार?"

"हो."

"आन् त्यो असला तर?"

"इथून कुठेही जाणार नाही."

त्यांनी दोन्ही शक्यता मनात मांडून पाहिल्या असाव्यात. मीही पाहिल्या. नजर देण्याने माझ्या दृष्टीने दोन्हींत काहीच फरक पडत नव्हता: शिकारी जनावराकडे रोखून पाहिले तर ते आव्हान समजून प्रतिक्रिया देते, बस. या विभागात कर्मचाऱ्यांनाही म्हणूनच टक लावून पाहू नका असे सांगितलेले असते. ओळख धरणे, माग काढत येणे, याला आधार नाही. पण ढेब्यांच्या दृष्टीने ते अशा जनावराला आपला चेहरा देणार होते, जे दोन-तीन तासांत त्यांच्या घरामागे मोकळे होण्याची शक्यता होती. ते काय पणाला लावत आहेत हे मला पुरते कळत होते. मी त्यांना थांबवले नाही. मला फोटो हवा होता.

ते वळले. फटीशी चेहरा नेला आणि आत पाहिले.

सुरुवातीला काही झाले नाही. मग बिबट्याचे कान मागे गेले आणि तसेच राहिले. कुशीची हालचाल थांबली. ढेबे पापणी लववत नव्हते. जाळीला धरलेली त्यांची बोटे पांढरी पडली होती. आनंदराव स्टुलावरून उठले. सुप्रियाने तोंड फिरवून घेतले.

बिबट्या उठला हे मला लेन्समध्ये दिसले नाही, एवढ्या वेगात तो उठला. भिंत रिकामी झाली आणि सगळी जाळी हादरली. ढेबे हलले नाहीत. त्यांच्यात आणि त्या तोंडात वीतभर अंतर असेल. गुरगुरण्याचा आवाज माझ्या छातीत जाणवला, आणि बोट दाबलेलेच होते. मग तो उलटा फिरला आणि जाळीच्या कडेने माझ्यासमोरून डावीकडून उजवीकडे गेला. खांदा, बरगड्या, मांडी.

"झाले. बाजूला व्हा," मी म्हणाले. ढेबे बाजूला झाले नाहीत. आनंदरावांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढले.

तीन वाजून त्रेपन्न मिनिटे झाली होती. मी स्टुलावर लॅपटॉप उघडला. बत्तीस फोटो निघाले होते, त्यांतले नऊ उजव्या बाजूचे, पाच स्पष्ट. सुप्रियाचा फोटो मी आडवा उलटवला आणि शेजारी ठेवला. खुणा दोनदा मांडाव्या लागल्या. घाई असतानाच पद्धत पाळायची असते. मी खांद्यापासून सुरुवात केली. पहिले फूल, खालून उघडे: जुळले. त्याच्यामागे दोन भरीव ठिपके, एक लहान, एक मोठा: जुळले. बरगड्यांवर तीन फुले एका रांगेत, मधल्याच्या आत एक बिंदू: जुळले. पेटी फरशीवर थांबली होती. चालक आणि दोन माणसे माझ्याकडे पाहत उभी होती. मांडीवर दोन फुले एकमेकांत मिसळून झालेला लांबट आकार. मी तो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला.

चौदापैकी तेरा जुळले. चौदावा कातडीच्या घडीत गेला होता. त्याच्याविषयी मी काही म्हणू शकत नव्हते.

"तोच आहे," मी हनुमंतांना सांगितले. "मंगळवारचा माझा अहवाल चुकीचा होता. आत्ता हाताने लिहून, सही करून देते."

त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग पेटीजवळच्या माणसांकडे. "न्या रे ती परत," ते म्हणाले. मग त्यांनी पाण्याची बाटली आणून सुप्रियाच्या हातात दिली.

मी पडवीत बसून दीड पान लिहिले. चूक कोणती, ती कशी झाली, कोणाच्या निरीक्षणामुळे उघड झाली. "श्री. म्हादू ढेबे यांनी शेळीच्या कानावरील खाचेवरून" असे एक वाक्य त्यात आहे. ते मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

"म्याडम, आता ह्यो जिता हाय तवर हितंच?"

"हो."

"एवढ्याशा जाग्यात."

"याच्यापेक्षा थोडी मोठी मिळेल. पण हो."

आईच्या हाताला एक्केचाळीस टाके घालायला लावणाऱ्या जनावराविषयी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला मी समाधान म्हणणार नाही. "तुमी त्याचा फोटू काढला तवा त्यो माझ्याकडं बघत होता," ते शेवटी म्हणाले.

"काही फोटोंत, हो. पहिल्या वीस-एक."

"ते पुसून टाका."

"आबा, ते मॅडमचं काम हाय," सुप्रिया म्हणाली.

मी त्यांना खरे तेच सांगितले. अहवालाला मी फक्त बाजूचे पाच फोटो जोडणार होते, तोंड त्यांत येणार नव्हते. पण एका वेळी काढलेले सगळे फोटो मूळ स्वरूपात जपावे लागतात. मधले पुसले तर उरलेल्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. माझी एक चूक आधीच नोंदवली गेली होती, दुसरी करता येत नव्हती.

मला वाटले ते वाद घालतील. त्यांनी थोडा विचार केला.

"मग तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला देऊ नका. तुमी मानत न्हाई ना? तुमाला काय हुयाचं न्हाई."

त्यांनी सुप्रियाला चलण्याची खूण केली. नसरापूरहून वेल्ह्याची शेवटची एसटी गाठायची होती. फाटकापर्यंत ते पुढे पाहत चालत गेले आणि एकदाही वळले नाहीत.

ते फोटो माझ्याकडे आहेत, क्रमांकासह, दोन ठिकाणी जपलेले. पहिले तेवीस मी त्यानंतर उघडलेले नाहीत. तशी गरज पडलेली नाही.